इन्सर्ट बदलल्यानंतरचा पहिला जॉब: भोसरीतल्या एका कारखान्याच्या प्रशिक्षण आराखड्याची गोष्ट

कंपनीचं आणि तिच्या कस्टमरचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. पार्टची ओळख बदलली आहे आणि कारखान्यातले आकडे गोल केले आहेत. बाकी जे घडलं ते असं.

पार्श्वभूमी

भोसरी एमआयडीसीतला हा मशीनिंगचा कारखाना. मालकांनी दोन जुन्या लेथवर भाड्याच्या शेडमध्ये सुरुवात केली होती, आज पंचवीसेक सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी, मशीन आहेत. माणसं साधारण १४०. त्यातली ५५ कायम, बाकी कंत्राटी आणि शिकाऊ. कायम लोक बहुतेक जुन्नर, खेड, मावळाकडचे. कंत्राटी पोरं मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहार आणि उत्तर प्रदेशातली. मोशी-चिखलीत एका खोलीत पाच-सहा जण मिळून राहणारी. तीन पाळ्या, गुरुवारी सुट्टी.

मला क्वालिटी हेडनी बोलावलं. फोनवरचं वाक्य होतं, "सर, एक चांगला ट्रेनिंग प्रोग्रॅम बसवून द्या, ऑडिट आहे."

प्रोग्रॅम खरं तर होताच. दर एप्रिलमध्ये एचआर वर्षाचं ट्रेनिंग कॅलेंडर काढायचं: फाइव्ह-एस, सेफ्टी, प्रथमोपचार, कायझेन, आग विझवणं, आणि एक सत्र 'सकारात्मक विचार'. प्रत्येक माणसामागे वर्षाला ठरावीक तास भरायचे. पहिली पाळी साडेतीनला सुटली की कँटीनमध्ये प्रोजेक्टर लागायचा, इंग्रजी स्लाइड्स यायच्या, पावणेचारच्या बसकडे सगळ्यांचे डोळे असायचे. शेवटी सह्यांचा कागद फिरायचा आणि 'सत्र कसं वाटलं' हा फॉर्म भरला जायचा. सगळ्यांना सत्र छानच वाटायचं. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण जोखण्याच्या चार पातळ्या मांडल्या: लोकांना कसं वाटलं, ते काय शिकले, कामावर काय बदललं, आणि कारखान्याला काय मिळालं. आमची फाइल पहिल्या पातळीवर सुरू होऊन तिथेच संपत होती.

अडचण

चाकणच्या कस्टमरकडे जाणारा एक स्टीलचा बुश, म्हणजे मधून भोक असलेला नळीसारखा पार्ट, होता. त्याचा बोअर (आतलं भोक) ५० एच ७, म्हणजे ५०.००० ते ५०.०२५ मिलिमीटर. टॉलरन्स, म्हणजे मापातली चालणारी सूट, एकूण २५ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). असेंब्लीत शाफ्ट अडकतो, बोअर अंडरसाइज, म्हणजे मापाहून लहान आहे, अशी तक्रार वर्षभर येत होती. प्रत्येक वेळी चार पोरं गाडीत घालून नाशिक रस्त्याच्या ट्रॅफिकमधून चाकणला सॉर्टिंगला (चांगला-वाईट माल वेगळा करायला) पाठवायची, पैसे कापल्याची डेबिट नोट घ्यायची आणि एट-डी, म्हणजे तक्रारीचं कारण आणि उपाय लिहायचा आठ टप्प्यांचा, रिपोर्ट भरायचा.

मी आधी ते एट-डी रिपोर्ट मागितले. अकरा होते. सात रिपोर्टांमध्ये कायमच्या उपायाच्या रकान्यात एकच वाक्य होतं: 'ऑपरेटरला प्रशिक्षण दिले.' सोबत हजेरीचा कागद. त्यातल्या एका कागदावर ज्याची सही होती, तो ऑपरेटर त्या दिवशी रजेवर होता. हे मी कोणाला खिंडीत पकडायला सांगत नाही. पुण्यातल्या अर्ध्याअधिक कारखान्यांत हे वाक्य असंच लिहिलं जातं, आणि कस्टमरचा इंजिनिअरही ते वाचून फाइल बंद करतो. माणसाला दोष दिला की बाकी काहीच बदलावं लागत नाही.

दुसरं दुखणं आतलं होतं. हा बोअर करणाऱ्या चार बोअरिंग मशीनवर महिन्याला तीनशेच्या आसपास जॉब (मशीनवर बनणारे पार्ट) स्क्रॅप होत होते, आणि ते ओव्हरसाइज. म्हणजे कस्टमरकडे बोअर लहान, घरात बोअर मोठा. एकाच मशीनवर दोन्ही उलट चुका होतात, तेव्हा 'मुलं लक्ष देत नाहीत' हे उत्तर पुरत नाही.

पहिला निर्णय: आधी शिकवायचं की आधी बघायचं

प्रॉडक्शन हेडना लगेच वर्ग हवे होते. मी तीन आठवडे मागितले, दोन मिळाले. क्वालिटीतले दोन तरुण इंजिनिअर आणि मी नऊ पाळ्या मशीनशेजारी उभे राहिलो, त्यातल्या तीन रात्रपाळ्या. कोण चुकतं हे आम्ही लिहिलंच नाही. केव्हा चुकतं तेवढं लिहिलं.

दोन दिवसांतच चित्र दिसायला लागलं. गडबड पाळीभर पसरलेली नव्हती, ती इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं बदलतं पातं, बदलल्यानंतर होती. नवा इन्सर्ट लावला की पहिला जॉब काढायचा, बोअर गेजने मोजायचा, त्या मापावरून ऑफसेट, म्हणजे पातं किती सरकवायचं तो आकडा, द्यायचा. हे एक माप चुकलं की लाइन इन्स्पेक्टर फेरीला येईपर्यंत चाळीस-पन्नास जॉब त्याच चुकीवर निघून जातात. मधले चेक ऑपरेटर करतो, पण तेही त्याच पद्धतीने.

पद्धत अशी: चकमधून (जॉब पकडणाऱ्या जबड्यांतून) जॉब काढला की गरम असतानाच गेज आत. मशीन थांबलंय, सुपरवायझर बघतोय, घाई आहे. स्टील दर मीटरला दर अंशामागे साधारण साडेअकरा मायक्रॉन फुगतं. मापनाला जगभर २० अंश सेल्सिअस हे संदर्भ तापमान धरतात. शॉपमध्ये ते कुठून मिळणार? पण जॉब, गेज आणि मास्टर रिंग (गेज झीरो करायची नेमक्या मापाची रिंग) एका तापमानाला असले तरी बरंच भागतं. इथे जॉब रिंगपेक्षा वीस अंशांनी गरम असला, तर ५० मिलिमीटरचा बोअर साडेअकरा मायक्रॉनने मोठा दिसतो. २५ मधला जवळजवळ निम्मा टॉलरन्स गेला. गेज 'मधोमध' दाखवतं, जॉब ट्रेमध्ये गार होतो, आणि चाकणला अंडरसाइज पोचतो.

ओव्हरसाइजचं कारण कंट्रोलरच्या पडद्यावर सापडलं. पात्याच्या झिजेची दुरुस्ती टाकायच्या वेअर ऑफसेटच्या पानावर 'इनपुट' आणि 'प्लस इनपुट' अशा दोन की असतात. एकीने जुना आकडा पुसून नवा बसतो, दुसरीने जुन्यात मिळवला जातो. ज्यांचा हात बाहेरच्या व्यासाच्या मशीनवर बसला होता, ती पोरं इथे चिन्हातही चुकत होती. तिथे जॉब मोठा आला की वजा करायचं, इथे बोअर लहान आला की अधिक. शिवाय ०.०१ ऐवजी ०.१ टाकलं तरी मशीन निमूट घेत होतं.

मग आम्ही कारणांचे तीन ढीग केले. माहीतच नाही. माहीत आहे पण हात बसलेला नाही. माहीत आहे, जमतं, पण करता येत नाही. तिसरा ढीग मला वाटला होता त्याहून मोठा निघाला. दोन मशीनमध्ये मिळून एकच बोअर गेज होतं. मास्टर रिंग एसी असलेल्या स्टँडर्ड रूममध्ये कुलपात होती, त्यामुळे गेज झीरो व्हायचं ते पाळीला एकदाच. या ढिगाला जगातला कोणताही प्रशिक्षक हात लावू शकत नाही.

तोलून पाहिलेले पर्याय

गुरुवारी बाहेरचा प्रशिक्षक बोलावून दोन दिवसांचा वर्ग घ्यावा, अशी एचआरची सूचना होती. सुट्टीच्या दिवशी बोलावलं की दुप्पट दराने ओव्हरटाइम आला, आणि कंत्राटदार आपल्या पोरांचा ओव्हरटाइम द्यायला तयार नव्हता. म्हणजे ज्यांना गरज सर्वांत जास्त, तेच बाहेर राहणार. शिवाय मी ज्या चुका पाहिल्या त्या खुर्चीत बसून शिकण्यासारख्या नव्हत्या.

मालकांना डोजो रूम हवी होती. चाकणच्या मोठ्या कंपन्यांत त्यांनी पाहिली होती: वेगळी खोली, मॉडेल, गेज, हात बसवायची टेबलं. कल्पना उत्तम आहे. पण रिकामं मशीन नव्हतं, जागा नव्हती, आणि सहा महिने थांबायला कस्टमर तयार नव्हता. त्यातलं मापनाचं एक टेबल मात्र आम्ही उचललं.

मेंटेनन्सचं म्हणणं सर्वांत सरळ होतं: माणसाला शिकवूच नका, मशीनवर प्रोब बसवा, माप आपोआप घेऊ द्या. चार मशीनचा खर्च मालकांच्या आवाक्याबाहेर होता. पण या बोलण्यातून दोन फुकटच्या गोष्टी निघाल्या. कंट्रोलरमध्ये टूल लाइफ काउंटर, म्हणजे इन्सर्टने किती जॉब केले ते मोजणारा, होताच, कोणी चालू केला नव्हता. आणि एका वेळी किती ऑफसेट टाकता येईल याला पॅरामीटरमधून मर्यादा घालता येते. तीही घातलेली नव्हती.

राहिला मशीनवरच, थोडा थोडा, आपल्याच माणसांनी शिकवण्याचा पर्याय. त्याची पद्धत जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले अनुभवी कामगार सैन्यात गेले आणि नवख्यांना झटपट तयार करायची वेळ आली, तेव्हा 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' या सरकारी उपक्रमातून ती घडली. युद्धानंतर ती जपानमध्ये गेली आणि तिथे मुरली. पायऱ्या चार: माणसाला तयार करा, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर लक्ष ठेवा. शिकवण्याआधी कामाचे टप्पे, प्रत्येक टप्प्यातली खुबी आणि ती का, हे कागदावर उतरवायचं.

याला खर्च जवळजवळ नव्हता. लागत होता सेटर, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या, लोकांचा वेळ, आणि प्रॉडक्शन हेडना नेमका तोच द्यायचा नव्हता. "रोज वीस मिनिटं लाइन थांबवली तर डिस्पॅच कोण करणार?" त्यांचा प्रश्न रास्त होता. तोड एका लाइन इन्चार्जने काढली: इन्सर्ट बदलताना मशीन थांबतंच ना? मग तेव्हाच शिकवा. चार मशीन मिळून पाळीला चार-पाचदा इन्सर्ट बदलतो. प्रत्येक वेळी सहा-सात मिनिटं जास्त जातील. यावर ते तयार झाले.

मामांचा कपभर चहा

या प्रकरणातला सर्वांत शिकवून जाणारा भाग हा, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

शिकवणार कोण? सगळ्यांच्या तोंडी एकच नाव: मामा. वय ५४, बावीस वर्षं याच कंपनीत, त्यांच्या मशीनवर स्क्रॅप जवळजवळ शून्य. पहिल्या दिवशी त्यांना दोन पोरं दिली. मामांनी झपझप इन्सर्ट बदलला, जॉब काढला, मोजला, ऑफसेट दिला आणि म्हणाले, "हे असं. कळलं?" पोरांनी माना हलवल्या. अर्थातच काही कळलं नव्हतं.

मग तीन संध्याकाळी आम्ही मामांना मशीनवर काम करायला लावून प्रत्येक हालचाल लिहून काढली. दुसऱ्या संध्याकाळी बरोबरच्या इंजिनिअरने विचारलं, "मामा, जॉब काढल्यावर तुम्ही मोजायच्या आधी थांबता, ते का?"

"थांबतो? मी कुठं थांबतो?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. जॉब काढला की ते तो कूलंटमध्ये बुडवायचे, फडक्याने पुसायचे, हवा मारायचे आणि लोखंडी टेबलावर ठेवायचे. मग चिप साफ करायचे, कपातला चहा संपवायचे, आणि नंतर गेज घ्यायचे. तीन-चार मिनिटं सहज जायची. त्यांच्या लेखी ही स्वच्छता होती. एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतीत, ती कधी आली नाही, कारण ज्याने एसओपी लिहिली त्याने मामांना विचारलं, बघितलं नाही. आणि ज्या पोरांनी मामांना बघितलं, त्यांना त्यात फक्त म्हातारपणाचा सावकाशपणा दिसला.

त्या रात्री एका पानाचा तक्ता तयार झाला. मराठी आणि हिंदीत, फोटोंसह, टप्पे नऊ. पाचवा टप्पा: जॉब बुडवा, पुसा, रिंगशेजारी ठेवा, टायमर लावा. 'का' या रकान्यात: गरम जॉबचा बोअर मोठा दिसतो, गार झाल्यावर लहान होतो.

शिकवायला मात्र आम्ही आयटीआय झालेला सत्तावीस वर्षांचा एक ऑपरेटर निवडला. तो सावकाश बोलायचा आणि समोरच्याकडून वदवून घ्यायचा. मामा दुखावले. "आम्ही काय बावीस वर्षं गवत उपटत होतो का?" हे मी आधी ओळखायला हवं होतं. मार्ग मालकांनीच काढला: परीक्षा मामा घेतील, आणि त्यांच्या सहीशिवाय कोणीही बोअरिंग मशीनवर एकटा उभा राहणार नाही. पद मानाचं होतं आणि कामाचंही.

प्रत्यक्षात काय केलं

प्रत्येक मशीनला स्वतःचं गेज, आणि शेजारी मास्टर रिंगचा स्टँड. काउंटर चालू. ऑफसेटच्या आकड्याला लगाम. हे सगळं वर्ग सुरू होण्याआधी, एका गुरुवारी मेंटेनन्सने उरकलं.

प्रत्येक शिकणाऱ्याला पाच इन्सर्ट बदल. पहिल्यात बघायचं, दुसऱ्यात शिकवणारा करेल तेव्हा टप्पे तोंडाने सांगायचे, तिसऱ्या-चौथ्यात करायचं आणि का ते सांगायचं, पाचवा मामांसमोर. साधारण दहा दिवसांत एक माणूस तयार व्हायचा. स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कोणाला कोणतं काम येतं त्याचा तक्ता, आधीपासून भिंतीवर होतं, पण ते ऑडिटच्या आदल्या दिवशी रंगवलेलं. आता मामांची सही झाल्यावरच रंग भरला जायचा.

कंत्राटी पोरांचा प्रश्न इथे उभा राहिला. एचआर मॅनेजर म्हणाल्या, "आपण थेट शिकवलं, पास केलं, की उद्या तो कोर्टात म्हणेल मी यांचाच माणूस. आणि सात-आठ महिन्यांत तो जाणारच आहे." क्वालिटी हेडनी आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं कलम दाखवलं: कामावरच्या प्रशिक्षणात कंत्राटी माणसंही धरलेली आहेत. दोघांचंही बरोबर होतं. माझं मत मी मीटिंगमध्ये स्पष्ट सांगितलं: कस्टमरची नाराजी ज्या कामावर ठरते ते काम बारमाही कंत्राटी माणसाकडून करून घ्यायचं आणि त्याला शिकवायला घाबरायचं, यात अडचण प्रशिक्षणाची नाही. ठरलं असं की सध्या मशीनवर असलेल्या सगळ्यांना शिकवायचं. पुढे या चार मशीनवर कायम ऑपरेटर, आणि त्यांच्या हाताखाली अप्रेंटिस. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, वाटा तेव्हा केंद्र सरकार उचलत होतं. त्यामुळे मालकांना हे पटवणं सोपं गेलं. मात्र अप्रेंटिसला एकट्याला रात्रपाळीत उभं करायचं नाही, हे लिहून घेतलं.

निष्पत्ती

पुढच्या चार महिन्यांत त्या बोअरची कस्टमरकडून एकच तक्रार आली. आतलं स्क्रॅप तीनशेवरून नव्वदच्या आसपास आलं. यातलं प्रशिक्षणामुळे किती आणि ऑफसेटच्या लगामामुळे किती, हे वेगळं काढता येणार नाही, कारण दोन्ही आम्ही एकाच महिन्यात केलं. माझा अंदाज विचाराल तर ओव्हरसाइज लगामाने थांबलं आणि अंडरसाइज मामांच्या पाचव्या टप्प्याने.

रात्रपाळीचा आकडा मात्र फारसा हलला नाही. शिकवणारा दिवसपाळीत, मामा दिवसपाळीत, सेटर रात्री घरी. रात्रीच्या पोरांना दिवसा बोलावून शिकवलं, पण रात्री लक्ष ठेवायला कोणी नाही. चार पायऱ्यांतली चौथी पायरी तिथे नव्हतीच. जी एक तक्रार आली, ती रात्रीच्याच लॉटची.

मग दिवाळी आली. पोरं गावी गेली, बिहारकडची छटपूजा करूनच येणार होती, काही आलीच नाहीत. डिस्पॅचचा ताण होता. मामांच्या सहीशिवाय दोन नवी पोरं दोन रात्री बोअरिंगला उभी केली गेली. सकाळी इन्स्पेक्टरने पूर्ण लॉट अडवला, त्यातले साठेक जॉब रीवर्कला गेले. प्रॉडक्शन हेडनी मला फोनवर सांगितलं, "नियम माझाच होता आणि मोडलाही मीच." एवढं प्रांजळ बोलणारा माणूस या धंद्यात मला क्वचित भेटलाय.

आज करायचं झालं तर

सुरुवात रात्रपाळीपासून करेन. जिथे मदत सर्वांत कमी, तिथे चूक सर्वांत महाग पडते. आम्ही दिवसपाळीपासून सुरुवात केली, कारण आम्हाला रात्री घरी जायचं होतं, दुसरं काही कारण नाही.

दिवाळी कॅलेंडरमध्ये छापलेली असते. सप्टेंबरमध्येच चार जादा माणसं तयार करून ठेवायला हवी होती.

पैशांचा विषय आधी काढायला हवा होता. मॅट्रिक्सवर नाव रंगलं तसं लोकांनी विचारलं, जबाबदारी वाढली तर भत्ता किती? कायम कामगारांच्या प्रतिनिधींनी तो वेतन कराराच्या बोलणीत घेतला. मालक म्हणतात आधी शिका, कामगार म्हणतात आधी ठरवा. हा गुंता अजून सुटलेला नाही, आणि तीन चांगली पोरं तेवढ्यात रांजणगावला दीड हजार जास्त मिळाले म्हणून निघून गेली. त्यांना बोअर मोजायला आम्हीच शिकवलं होतं.

लगाम आणि वर्ग यांच्यात महिनाभर अंतर ठेवलं असतं, तर कशाने काय झालं हे तरी कळलं असतं. पण कस्टमर डोक्यावर बसलेला असताना महिनाभर थांबायचा सल्ला मी देऊ शकलो असतो का, याची मला खात्री नाही.

एचआरचं वार्षिक कॅलेंडर अजून निघतं. ऑडिटरला ते लागतं आणि त्यातल्या सेफ्टीच्या, आगीच्या सत्रांची गरजही आहे. बदल एवढाच की त्याच्या मागे दुसरं पान जोडलं आहे: तक्ता करायची सात कामं, त्यातली दोन झालेली. मामांच्या निवृत्तीला चार वर्षं आहेत. तिसरं काम थ्रेडिंगचं, आणि त्यासाठी पुढच्या आठवड्यात तीन संध्याकाळी त्यांना पुन्हा थांबवून घेतलं आहे. या वेळी त्यांनी स्वतःच सांगितलं की विचारू नका, नुसतं बघा.